स्क्लार आणि श्क्लार

आडनांवावरून माणसाचा विचार करूं नये हें खरेंच. तथापि एकाच मुळांतून फुटलेलीं दोन आडनांवें समोर आलीं म्हणजे मन घटकाभर तेथें रेंगाळतें, आणि त्या रेंगाळण्यांतूनहि एखादा कामाचा विचार हातीं लागतो. खिडक्यांना कांचा बसविणाऱ्या कारागिराला युक्रेनियन भाषेंत ‘स्क्ल्यार’ म्हणतात. पोलिश, बेलारूशियन या तिच्या भगिनीभाषांतहि त्याच मुळावरून साधलेले शब्द आहेत. आपल्याकडील सोनार, तांबट यांच्याप्रमाणेंच धंद्यावरून पडलेलें हें स्लाव वळणाचें नांव. ऑस्ट्रियांत १७८७ सालीं आणि रशियांत १८०४ सालीं यहुदी प्रजेनें कायमचें आडनांव धारण केलेंच पाहिजे असे कायदे झाले. त्या काळांत पूर्व युरोपांतील पुष्कळ यहुदी घराण्यांना धंद्यांचींच नांवें चिकटलीं. या एका नांवाचीं दोन रूपें घेऊन दोन माणसें विसाव्या शतकांतील अमेरिकेंत नांवारूपास आलीं. एक लीलंड स्क्लार, रॉक-संगीतांतले बेसगिटारवादक. दुसऱ्या जूडिथ श्क्लार, हार्वर्ड विद्यापीठांतील राज्यशास्त्राच्या पंडिता. यांना हें नांव पतीकडून मिळालेलें. दोघांत कांहीं नातेंगोतें आहे असें मी मुळींच सुचवीत नाहीं. पण एकानें आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांत बेस वाजविला, आणि दुसरीनें वकिलीपेशाच्या मनोवृत्तीची कठोर चिकित्सा केली. पहिल्याच्या धंद्यांतला जो मोठा प्रश्न आहे त्याचें उत्तर वकिलांच्या हातीं पडलेलें आहे. म्हणून दुसरीचें पुस्तक पुढें ठेवून पहिल्याची गोष्ट वाचली पाहिजे, एवढेंच या लेखाचें निमित्त.

सेशन-वादक म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या बैठकीपुरता बोलावलेला, तासांच्या हिशेबानें बिदागी घेणारा वादक. तो गायकाच्या संचाचा सभासद नसतो. स्टुडिओंत येतो, असलाच तर कागदावरचा स्वरलेख पाहतो, नसला तर दोनदां चाल ऐकून घेतो, आणि दोनचार तासांत गाण्याला हवें तें अंग देऊन निघून जातो. आपल्या मैफलींतील साथीदाराशीं त्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती अर्धीच लागू पडते. आपला तबलजी गवयाच्या शेजारीं, श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर बसतो. त्याची तिहाई समेवर नेमकी आली तर माना त्याच्यासाठीं डोलतात. सेशन-वादकापुढें श्रोता नसतोच. त्याच्यापुढें जाड कांचेची भिंत असते आणि तिच्यापलीकडे निर्माता बसलेला असतो. पुढें गाणें घरोघर पोहोंचतें तेव्हां त्यांतला त्याचा हात कोणाचा, हें विचारण्याची वेळ सहसा कोणावर येत नाहीं.

स्क्लार यांचा जन्म १९४७ सालीं मिल्वॉकी येथें झाला. वाढले ते कॅलिफोर्नियांत. जेम्स टेलर यांच्या १९७१ च्या ‘मड स्लाइड स्लिम’ या मुद्रिकेपासून त्यांचें नांव ऐकूं येऊं लागलें. बिली कॉबहॅम यांची १९७३ ची ‘स्पेक्ट्रम’, जॅक्सन ब्राऊन यांची १९७७ ची ‘रनिंग ऑन एम्प्टी’ या मुद्रिकांतील बेस त्यांचाच. फिल कॉलिन्स यांच्याबरोबरहि त्यांनीं पुष्कळ वाजविलें. एकूण मुद्रिकांची संख्या दोन हजारांच्या पलीकडे जाते. इतक्या निरनिराळ्या लोकांना एकच मनुष्य हवासा वाटतो, त्याचें कारण त्याच्या बोटांच्या चपळाईंत नाहीं. टेलर यांच्या संथ गाण्यांत एक ओळ संपून दुसरी सुरू व्हावयाची असते, त्या मधल्या फटींत स्क्लार यांचा बेस हळूच एखादा स्वर सरकवितो आणि गायकाला पुढच्या ओळीच्या उंबऱ्यावर आणून सोडतो. तो स्वर निराळा काढून गुणगुणावा असा नसतो. तो काढून टाकला तर मात्र गाणें ढिलें पडतें. चांगली बसविलेली कांच दिसत नाहीं, तिच्यापलीकडचें दिसतें. तसा हा प्रकार आहे.

स्क्लार आणि त्यांचे जोडीदार डॅनी कॉर्चमार, वॅडी वाख्टेल, रस कुंकेल यांच्यावर डेनी टेडेस्को यांनीं २०२२ मध्यें ‘इमिजिएट फॅमिली’ नांवाचा माहितीपट केला. चित्रपट प्रेमळ आहे, पाहतांना करमणूक होते, आणि नामांकित गायक-गायिका या मंडळींची तोंड भरून स्तुति करतात. त्यांतली एक माहिती महत्त्वाची. पीटर ॲशर या निर्मात्यानें १९७० च्या सुमारास वेष्टनावर वादकांचीं नांवें छापण्याचा आग्रह धरला, आणि त्या छापील नांवांमुळें या वादकांना पुढचीं कामें मिळत गेलीं. आदल्या पिढीच्या नशिबीं हें नव्हतें. हॅल ब्लेन, कॅरोल के आणि दिग्दर्शकाचे वडील टॉमी टेडेस्को यांच्या पिढीनें साठीच्या दशकांतलीं किती तरी लोकप्रिय गाणीं वाजविलीं. वेष्टनावर त्यांचा मागमूसहि नसे. स्तुति ऐकून प्रेक्षक तृप्त होतो, पण मला या तृप्तीचाच थोडा राग येतो. या चौघांपैकीं कॉर्चमार आणि वाख्टेल हे गिटारवादक. त्यांच्या नांवावर लोकप्रिय गाण्यांचें कर्तृत्वहि नोंदलेलें आहे. ‘डर्टी लॉन्ड्री’ हें गाणें कॉर्चमार यांनीं डॉन हेन्ली यांच्याबरोबर रचलें, ‘वेअरवुल्व्ज ऑफ लंडन’मध्यें वाख्टेल भागीदार आहेत. स्क्लार बेस वाजवितात, कुंकेल ड्रम; त्यांची कीर्ति वादनावरच उभी आहे. गाण्याच्या मालकींत शिरण्याची वाट गिटारला सांपडते व बेसला सांपडत नाहीं, असें कां व्हावें? हा प्रश्न चित्रपटाच्या अगदीं दारांत उभा आहे, पण त्याला आंत बोलावण्याची दिग्दर्शकाला निकड वाटलेली दिसत नाहीं.

त्यांना तरी या प्रश्नाची धग माहीत असावयास हवी होती. आपल्या वडिलांच्या पिढीवरील ‘द रेकिंग क्रू’ हा त्यांचा पहिला चित्रपट २००८ मध्यें दाखविला गेला, परंतु सर्वत्र प्रदर्शित व्हावयास २०१५ साल उजाडलें. कारण, त्यांत वाजणाऱ्या गाण्यांच्या हक्कांचें शुल्क भरणें प्राप्त होतें, आणि तो पैसा लोकांकडून वर्गणीनें उभारावा लागला. ज्यांनीं तीं गाणीं वाजविलीं त्यांच्या मुलानें, ज्यांनीं वाजविलें त्यांचीच हकीकत सांगण्यासाठीं, त्याच वादनाचे दुकडे मालकांकडून विकत घ्यावयाचे! कायदा कोठेंहि मोडला नाहीं. सर्व कांहीं नियमाप्रमाणें झालें.

अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यांत एक चमत्कारिक तरतूद आहे. नोकरीच्या ओघांत, किंवा कायद्यांत नमूद केलेल्या कांहीं प्रकारांत लेखी करारानें, काम करवून घेतलें असेल तर करवून घेणाराच त्या कृतीचा ‘कर्ता’ समजला जातो. मालक नव्हे, कर्ता! वकिलांच्या भाषेंत याला कायदेशीर कल्पित म्हणतात. ध्वनिमुद्रणाचा त्या प्रकारांच्या यादींत समावेश नव्हता. १९९९ च्या नोव्हेंबरांत उपग्रह-दूरचित्रवाणीविषयींच्या एका कायद्याच्या पोटांत चार-दोन शब्द घालून तो करण्यांत आला. गायकवादकांनीं एकच गिल्ला केला आणि २००० सालीं ते शब्द मागें घ्यावे लागले. ते शब्द घालण्यांत काँग्रेसच्या समितीच्या ज्या वकिलाचा हात होता तो त्याच वर्षीं ध्वनिमुद्रण-कंपन्यांच्या संघटनेच्या नोकरींत गेला आणि २०१९ पासून तिचा प्रमुख झाला. त्याचें नांव मिच ग्लेझियर. इंग्रजींत ‘ग्लेझियर’ म्हणजे कांचा बसविणारा! योगायोगावर सिद्धांत उभारावयाचा नसतो. पण एवढा सुंदर योगायोग न सांगतां पुढें जाणेंहि बरें नव्हे.

स्क्लार यांच्या गिटारवर एक खटका आहे. निर्माता म्हणाला कीं, हा आवाज नको, जरा निराळा द्या, म्हणजे ते सर्वांच्या देखत तो खटका वरचा खालीं करतात, किंचित् निराळ्या जागेवर बोट ठेवून वाजवितात, आणि निर्माता संतुष्ट होतो. त्या खटक्याला आंत तार जोडलेलीच नाहीं. ही गोष्ट ते स्वतः हंसत हंसत सांगतात व ऐकणारेहि हंसतात. मला मात्र ती विनोदापेक्षां साक्षीसारखी वाटते. बदल वादकाच्या बोटांनीं होतो, श्रेय खटक्याला जातें, आणि हुकूम सोडणाऱ्याला वाटतें कीं हें आपण घडविलें. कायद्याचें ‘कल्पित’ याहून फार निराळें आहे काय? तोहि तार नसलेला खटकाच; फरक एवढाच कीं तो वादकाच्या हातीं नसून दुसऱ्याच्या हातीं असतो.

येथें श्क्लारबाईंची गांठ घेतली पाहिजे. १९२८ सालीं रीगा शहरीं त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर यहुदी म्हणून घरदार सोडून स्वीडन, सैबेरिया, जपान असा वळसा घालीत हें कुटुंब उत्तर अमेरिकेस पोहोंचलें. ज्यांना कायद्याच्या राज्याचें मोल पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं अशांपैकीं त्या होत्या. म्हणूनच त्यांच्या टीकेला वजन आहे. १९६४ च्या ‘लीगॅलिझम’ या ग्रंथांत त्यांनीं वकिलीपेशाच्या मनोवृत्तीचें विश्लेषण केलें. सदाचार म्हणजे नियमपालन, आणि माणसामाणसांतले संबंध म्हणजे नियमांनीं ठरविलेलीं कर्तव्यें व हक्क, अशी एक विचारसरणी वकील-न्यायाधीशांच्या अंगीं मुरलेली असते. ती वाईट आहे असें त्या म्हणत नाहींत. ती इतर विचारसरणींसारखीच एक विचारसरणी असून आपण सर्वांच्या वर, तटस्थ आहों असा आव आणते, हा त्यांचा आक्षेप आहे. पुढें १९९० च्या ‘द फेसेस ऑफ इन्जस्टिस’मध्यें, म्हणजे मृत्यूच्या दोनच वर्षें आधीं, त्यांनीं हा धागा अधिक खोल नेला. अन्याय म्हणजे केवळ न्यायाचा अभाव, नियमाचा भंग, असें आपण समजतों; नियम मोडला नसेल तर झालें तें दुर्दैव म्हणून हात झटकतों. परंतु दुर्दैव कोठें संपतें आणि अन्याय कोठें सुरू होतो, ही रेषा निसर्गानें आंखलेली नाहीं. ती माणसें आंखतात, आणि बहुधा ज्यांना कांहीं सोसावें लागलेलें नाहीं तींच आंखतात. भूकंप ही आपत्ति खरी. पण कच्च्या इमारती उभ्या राहूं देणारा अंमलदारहि कोणी असतो. म्हणून ज्याला सोसावें लागलें त्याचें म्हणणें प्रथम ऐका, नियमाचें पुस्तक मागून उघडा, असें बाई बजावतात. त्यांची भाषा कोरडी आहे, तिच्यांत आर्जव नाहीं. पण शंभर वकिली भाष्यांत न सांपडणारा एक निर्भयपणा तिच्यांत आहे.

आतां या कसोटीवर न्यायालयांकडे पाहूं. सेशन-वादकांच्या प्रश्नावरचे निवाडे इंग्लंडांत विशेष बोलके आहेत. ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ हें प्रोकोल हॅरम या संचाचें १९६७ चें गाणें. त्याच्या आरंभींचा ऑर्गन ज्यानें एकदां ऐकला तो विसरत नाहीं. तो वाजविला मॅथ्यू फिशर यांनीं; ते संचाचे सभासद होते, भाडोत्री नव्हते, तरी चालीचें कर्तृत्व एकट्या गॅरी ब्रूकर यांच्या नांवें नोंदलें गेलें होतें. फिशर यांनीं २००५ सालीं दावा लावला. २००६ च्या डिसेंबरांत न्या. ब्लॅकबर्न यांनीं त्यांना संगीताच्या कॉपीराइटांत चाळीस टक्के वांटा दिला. २००८ मध्यें अपील न्यायालय म्हणालें : तुम्ही सहकर्ते खरे, पण अडतीस वर्षें गप्प बसलांत, वांटा मिळणार नाहीं. ३० जुलै २००९ रोजीं हाऊस ऑफ लॉर्ड्सनें एकमतानें तो वांटा परत केला. सर्वोच्च न्यायालय म्हणून त्या सभागृहानें निवाडे दिले तो शेवटचाच दिवस.

अपील न्यायालयाचा ‘गप्प बसलांत’ हा आक्षेप हें श्क्लारबाईंच्या सिद्धांताचें उत्तम उदाहरण होय. फिशर यांनीं हा विषय काढला तेव्हां तो उडवून लावण्यांत आला किंवा कानांआड करण्यांत आला, हें पहिल्याच न्यायाधीशानें नमूद केलें होतें. बोललेलें ऐकावयाचें नाहीं, आणि मग तूं बोलला नाहींस म्हणून दावा काढून टाकावयाचा! लॉर्ड्सनीं ही चूक दुरुस्त केली, हें त्यांना भूषणावह आहे. तरी मागच्या अडतीस वर्षांच्या उत्पन्नांतला कांहीं भाग फिशर यांना मिळाला नाहीं. वांटा मोजला गेला तो दावा लावल्या दिवसापासून.

खऱ्या अर्थानें सेशन-वादकाचा खटला बॉबी व्हॅलेंटिनो यांचा. ‘यंग ॲट हार्ट’ या ब्लूबेल्स संचाच्या १९८४ च्या गाण्यांत व्हायोलिन वाजवून, ठरलेली बिदागी घेऊन ते घरीं गेले. १९९३ मध्यें मोटारीच्या जाहिरातीमुळें गाणें पुन्हा उचललें गेलें आणि लोकप्रियतेच्या शिखरावर पोहोंचलें. मग दावा झाला. व्हायोलिनची ती ओळ व्हॅलेंटिनो यांचीच, आणि बिदागी घेतली म्हणून कर्तृत्व सुटत नाहीं, असा निवाडा होऊन २००३ मध्यें अपिलांतहि तो टिकला. याउलट १९९९ मध्यें स्पँडाऊ बॅले या संचांतील वादक व गायक यांचा दावा न्या. पार्क यांनीं फेटाळला. ‘ट्रू’ या गाण्यांतील सॅक्सोफोनचा टप्पा त्यांत वादाचा एक विषय होता. त्यांच्या मतें तें वादन होतें, रचना नव्हे. क्लेअर टॉरी यांची कथा आणखी निराळी. १९७३ च्या जानेवारींत एका रविवारीं तीस पौंडांवर येऊन या गायिकेनें पिंक फ्लॉइड संचाच्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्यें शब्दावांचून, केवळ आकारानें असा कांहीं आक्रोश भरला कीं त्या गाण्याचा प्राण तोच होऊन बसला. २००४ मध्यें त्यांनीं दावा लावला. दुसऱ्या वर्षीं आपसांत तडजोड झाली आणि तेव्हांपासून गाण्याच्या कर्तृत्वांत त्यांचें नांव येतें.

हे निवाडे एका ओळींत मांडले म्हणजे न्यायाधीशांचा कान कोणत्या जातीचा आहे तें कळतें. जें गाण्यापासून वेगळें काढतां येतें, गुणगुणतां येतें, स्वरलिपींत मांडतां येतें, तें त्यांना ऐकूं येतें. ऑर्गनची ओळ वेगळी काढतां आली. व्हायोलिनची काढतां आली. ‘वादन’ आणि ‘रचना’ यांत न्या. पार्क यांनीं ओढलेली रेघ पाश्चात्त्य स्वरलिपीच्या संवयींतून आलेली आहे. तीच रेघ आपल्या ख्यालगायकीवर ओढून पाहावी, म्हणजे तिचा पोकळपणा ध्यानांत येईल. बंदिशीच्या दोन ओळी तेवढी रचना, आणि पुढचा तासाभराचा विस्तार म्हणजे नुसतें सादरीकरण, असें म्हणणाऱ्याला आपण संगीत कळतें असें म्हणूं काय? स्क्लार यांचें सारें सामर्थ्य या रेघेच्या पलीकडे पडतें. स्वर केव्हां सोडावा, किती दाबून धरावा, कोठें अजिबात वाजवूं नये, हें कोणत्या कागदावर लिहून कोर्टांत दाखल करावयाचें? गिटारला वाट सांपडते आणि बेसला सांपडत नाहीं, त्याचें उत्तर हें आहे. त्यासाठीं कोणी कट करावा लागत नाहीं. नियम आपल्या जागीं प्रामाणिक असतो, फक्त त्याला ऐकूं कमी येतें.

परंतु येथेंच श्क्लारबाईंशींहि माझा थोडा मतभेद आहे. सोसणाऱ्याचें म्हणणें प्रथम ऐका, असें त्या म्हणतात. ठीक. पण सोसणारा तक्रारच करीत नसेल तर? स्क्लार यांची मुद्रा तक्रारीची नाहीं. काम मिळालें, नांव छापलें गेलें, जग पाहिलें, यांत त्यांना समाधान आहे, आणि तें खोटें आहे असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. अन्यायाची जाणीव हा पुरावा मानला तर जिथें जाणीव नाहीं तिथें अन्यायहि नाहीं, असें ओघानेंच प्राप्त होतें. मला हें पटत नाहीं. समाधानी मनुष्य आपल्यापुरता हक्क सोडूं शकतो. पण त्याच्या मागें त्याच खुर्चींत बसणाऱ्या, वेष्टनावर नांव न आलेल्या, पुन्हा न बोलावलेल्या वादकाचा हक्क त्याला सोडतां येत नाहीं. आणि तो तार नसलेला खटका मनांत येतो. सर्वस्वीं निश्चिंत मनुष्य असा खटका बसवून घेतो कां?

कायद्यानें कांहींच केलें नाहीं असें नव्हे. अमेरिकेंत १९९५ च्या कायद्यानें डिजिटल प्रक्षेपणाच्या उत्पन्नाची जी वांटणी ठरली तींत मालकाला निम्मा भाग, मुख्य कलावंतांना पंचेचाळीस टक्के, आणि साथीच्या वादकांना व साथीच्या गायकांना अडीच-अडीच टक्के आले. युरोपांत २०११ च्या निदेशानें ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत पन्नासांवरून सत्तर वर्षांवर गेली, तेव्हां वाढीव वर्षांच्या उत्पन्नांतले वीस टक्के सेशन-वादकांसाठीं काढून ठेवण्याचें बंधन कंपन्यांवर आलें. अडीच टक्के हा आंकडा हंसण्यासारखा आहे खरा. पण या तरतुदींत एक शहाणपण आहे : येथें वादकाला आपली ओळ वेगळी काढून दाखवावी लागत नाहीं. तो त्या दिवशीं त्या खोलींत होता आणि त्यानें वाजविलें, एवढें पुरतें. म्हणून बेसवाल्याच्या दृष्टीनें फिशर यांच्या गाजलेल्या विजयापेक्षां हे गुमनाम निधि मला मोलाचे वाटतात. अर्थात् त्यांना एक पूर्वअट आहे. खोलींत कोण होतें याची नोंद पाहिजे. म्हणजे फिरून प्रश्न नांवापाशींच येतो, आणि ॲशर यांनीं वेष्टनावर छापलेल्या चार ओळींची किंमत तेव्हां कळते.

ही गोष्ट मुंबईकरांना आणि गोंवेकरांना परकी वाटूं नये. मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंत पिढ्यानपिढ्या व्हायोलिनें आणि ट्रंपेटें वाजलीं, त्यांत मोठा भाग गोमंतकीय वादकांचा. सेबास्तियन डिसोझा यांच्यासारखे वाद्यमेळाचे रचनाकार शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागें उभे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविलें. शिष्यानें १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यांत गुरूचें नांव गुंफून टाकलें, आणि साऱ्या देशानें तें विदूषकी पात्राचें नांव म्हणून तोंडीं घोळविलें. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ मध्यें कलाकाराचा हक्क आला, २०१२ मध्यें तो वाढला आणि मानधनाच्या वांट्याची भाषा त्यांत शिरली. पण त्याच २०१२ च्या दुरुस्तीनें ‘कलाकार’ या शब्दाच्या व्याख्येला एक परंतुक जोडलें. चित्रपटांत ज्याची कामगिरी प्रासंगिक वा आनुषंगिक स्वरूपाची आहे, आणि धंद्याच्या रूढ रीतीप्रमाणें ज्याचें नांव श्रेयनामावलींत किंवा अन्यत्र कोठेंहि दिलें जात नाहीं, तो कलाकार समजला जाणार नाहीं. आपल्या कामगिरीच्या विकृतीविरुद्ध दाद मागण्यापुरता तेवढा अपवाद.

हें परंतुक मंद गतीनें दोनदां वाचावें. नांव न देण्याची धंद्याची जुनी खोड येथें हक्क नाकारण्याचा अर्धा आधार होऊन बसली आहे. उरलेला अर्धा ‘आनुषंगिक’ या शब्दावर आहे, आणि पन्नास व्हायोलिनांतलें एक व्हायोलिन आनुषंगिक नव्हे हें सिद्ध करण्याचा भार त्या एका व्हायोलिनवाल्यावर येऊन पडण्याची भीति आहे. यांत शब्दांची डागडुजी करून भागणार नाहीं. दोन अटींपैकीं एकच वगळली तर दुसरी अधिकच मोकाट सुटेल. संपूर्ण परंतुकच काढून टाकलें पाहिजे, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या बैठकीची नांवनिशीवार यादी ठेवण्याचें बंधन निर्मात्यावर घातलें पाहिजे. जुन्या बैठकींच्या याद्या आतां कोणाला देतां येणार नाहींत. त्या खोल्यांत कोण बसले होते तें सांगूं शकणारे वृद्ध वादक मात्र अजून कांहीं ठिकाणीं हयात आहेत, आणि त्यांच्याकडून तीं नांवें उतरवून घेण्याच्या कामाला संसदेच्या परवानगीची गरज नाहीं.